दार शेवटी, आधी डबा!

मंडळी, मॉड्युलर किचनच्या शोरूममध्ये गेलात की पहिला प्रश्न ठरलेला. 'मॅडम, कलर कुठला?' दुसरा, 'ग्लॉसी की मॅट?' तिसरा प्रश्न कुणी विचारतच नाही, कारण तोवर आपण त्या चकचकीत वाइन रेड दारासमोर पार विरघळलेले असतो. काचेची शटर्स, आतून लागणारा पिवळा लाइट, टोपलीत प्लॅस्टिकची सफरचंदं... सगळं कसं एकदम झक्कास! फक्त त्या किचनमध्ये आजवर कुणी फोडणी दिलेली नसते.

गेले दोन महिने मी पुण्यातली अशी शोरूम्स पालथी घालतेय. वन बीएचकेचा ताबा मिळालाय, ईएमआय सुरू झालाय आणि किचनसाठी उरलेलं बजेट ऐकून सेल्समनचा चेहरा पडतो. पण बजेट टाइट असण्याचा एक फायदा असतो, बॉस. प्रत्येक रुपयाला विचारावं लागतं, 'तू नक्की कशासाठी?' तसं विचारता विचारता जो फंडा हाती लागला तो असा, की किचन म्हणजे दार नव्हे, दारामागचा डबा. दाराचा कंटाळा आला तर पाच वर्षांनी नुसतं दार बदलता येतं. डबा सडला तर अख्खं किचन उखडावं लागतं.

डबा कशाचा?

शोरूमवाले या डब्याला 'कारकस' म्हणतात, आपला सुतार सरळ 'बॉक्स' म्हणतो. मटेरियल तीन. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि बारीक तुकडे गोंदात दाबून केलेला तक्ता. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला, जास्त गुळगुळीत तक्ता. आणि प्लाय म्हणजे लाकडाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवलेले, एकाचे रेषे उभे तर पुढच्याचे आडवे. त्या उभ्या-आडव्यामुळेच प्लाय सहजासहजी वाकत नाही आणि स्क्रूही घट्ट धरतो.

पण 'आम्ही प्लायच वापरतो' हे ऐकून लगेच खूश होऊ नका. दुकानात ज्याला 'कमर्शियल' म्हणतात तो एमआर प्लाय, म्हणजे मॉइश्चर रेझिस्टंट. दमट हवा सोसेल, साचलेलं पाणी नाही. पाण्यासाठी असतो मरीन प्लाय. त्याच्या तक्त्यावर आयएसआय मार्कच्या सोबत 'आयएस ७१०' असा शिक्का असतो. या स्टँडर्डच्या टेस्टमध्ये प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि तरी थर सुटता कामा नयेत. तीन दिवस उकळून जो टिकला तो सिंकखालची गळकी पाइप सहज झेलेल.

सगळं किचन मरीनचं करायला पैसे नाहीत? नो टेन्शन. सिंकखालचा डबा आणि त्याच्या शेजारचा डबा मरीनचा करा, वरची कपाटं साध्या चांगल्या प्लायची. पाणी वर चढून जात नाही, ते खालीच गळतं.

आणि एक फुकटातली टेस्ट. प्रत्येक दुकानातून कापून उरलेला तुकडा मागून घ्या, बादलीत रात्रभर बुडवा. मी चार तुकडे बुडवले होते. सकाळी पार्टिकल बोर्डचा तुकडा कडांना मारी बिस्किटासारखा फुगलेला, मरीन जसाच्या तसा. ज्या दुकानदारानं तुकडा द्यायला नाही म्हटलं, त्याचं नाव मी यादीतून काढलं. इतकं सोप्पं!

अजून एक. तुमच्या फ्लॅटमध्ये बिल्डरनं ओट्याखाली कडाप्प्याचे उभे पार्टिशन दिले असतील तर ते फोडायची घाई नको. दगड सडत नाही, त्याला वाळवी लागत नाही. त्यातच स्टीलच्या ट्रॉल्या बसवून समोरून शटर्स लावली की काम झालं. फक्त स्टीलचा ग्रेड विचारा. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी, त्याची भरपाई मँगनीजनं केलेली, म्हणून ते स्वस्त आणि गंजायला सोपं. लोहचुंबक लावून दाखवणाऱ्याला हसून नमस्कार करा. या दोन्ही ग्रेडना चुंबक सहसा चिकटतच नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्या, बास.

आता दार

सध्या जिकडेतिकडे दिसणारं दार म्हणजे 'शेकर'. चारी बाजूंना सपाट फ्रेम, मध्ये खोलगट पॅनल. अमेरिकेतल्या शेकर पंथीयांच्या साध्या, बिननक्षीच्या फर्निचरवरून हे नाव आलं. हा साधेपणा नुसता लुक नाही. खरं लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. जुन्या वाड्यातलं दार जुलैत अडकतं ते त्यामुळेच. मधलं पॅनल फ्रेमच्या खाचेत न चिकटवता सैल बसवलं की त्याला हलायला जागा मिळते आणि दार तडकत नाही.

गंमत म्हणजे आपल्याला शोरूममध्ये दाखवतात ते शेकर बऱ्याचदा एमडीएफच्या एकाच तक्त्यावर मशीननं कोरलेलं असतं. तिथं फुगणारं पॅनलच नाही, मग खाच फक्त शोभेची. आणि शोभेच्या खाचेत काय साठतं? कणीक, हळद आणि चिमणीतून सुटलेलं तेल.

फिनिशचं थोडक्यात सांगते.

लॅमिनेट, म्हणजे आपलं सनमायका (हे खरं तर एका ब्रँडचं नाव, पण आता कोण बघतंय!). स्वस्त, कणखर, ओरखड्यांना पुरून उरणारं. कडेला एज बँडिंग नीट नसेल तर मात्र तिथून पाणी शिरतं. मेंब्रेन म्हणजे कोरलेल्या एमडीएफवर गरम करून ओढून बसवलेली पीव्हीसीची पातळ फिल्म. वाट्टेल ती नक्षी मिळते, पण शेगडी-ओव्हनच्या शेजारी उष्णतेनं ती सुटू शकते. अ‍ॅक्रिलिक आरशासारखं चमकतं आणि तितक्याच इमानदारीनं प्रत्येक बोट दाखवतं. पीयू म्हणजे एमडीएफवर स्प्रेनं चढवलेला, घासून पॉलिश केलेला रंग. दिसतो सॉलिड, पण टवका उडाला तर टचअपला माणूस बोलवा. व्हिनिअर म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा. हॉलमध्ये राजा, सिंकपाशी मात्र नाजूक प्रकरण.

रोज पाच किचन वापरणारी एक्स्पर्ट

हे सगळं वहीत लिहून झाल्यावर मी एक केलं. आमच्याकडे पोळ्या करायला आणि भांड्यांना येणाऱ्या मावशींना एका रविवारी शोरूममध्ये घेऊन गेले. म्हटलं, मी या ओट्यापाशी उभी राहणार रोज वीस मिनिटं, त्याही चहा नि मॅगी. मावशी उभ्या राहणार दीड तास. मग ठरवायचं कुणी?

सेल्समन अख्खा वेळ माझ्याशीच बोलत होता. मावशींनी आधी वाकून सिंकखालचं दार उघडलं. आत पुल-आउट डस्टबिनची फॅन्सी फिटिंग. "आणि ताई, पाइप गळाला तर खाली बादली कुठं लावायची?" मग शेकर दाराच्या खाचेतून नख फिरवलं. "यात पीठ बसणार. खरवडायचं कुणी, मीच ना?" पांढऱ्या ग्लॉसी अ‍ॅक्रिलिकवर हात ठेवला, काढला, उमटलेल्या पंजाकडे बघितलं आणि काहीच बोलल्या नाहीत. मग ओट्यापाशी जाऊन हवेतच पोळी लाटून दाखवली. खांदे वर उचलले गेलेले मलाही दिसले. "उंच पडतोय. सगळीकडंच उंच पडतो. संध्याकाळी मान धरते."

सगळीकडंच. रोज पाच घरांत स्वयंपाक करणाऱ्या बाईला एकाही घरानं ओटा घालताना विचारलं नव्हतं. आणि ही घरं आपल्यासारख्यांचीच आहेत, दोघं ऑफिसला, चावी वॉचमनकडे.

फिटेड किचनची सुरुवात मात्र नेमकी उलटी झाली होती. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात नव्या वसाहतींसाठी १९२६ मध्ये मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्टनं एक छोटं किचन डिझाइन केलं. तशी साधारण दहा हजार किचन्स तिथल्या फ्लॅट्समध्ये बसली. जेमतेम साडेतीन मीटर लांब आणि दोन मीटरहून कमी रुंद. त्यांनी रंगापासून सुरुवात केली नाही. बाई किती पावलं चालते, कुठल्या कामाला किती वेळ लागतो, हे मोजलं. आगगाडीच्या डायनिंग कारमधलं चिंचोळं किचन अभ्यासलं. खिडकीखाली बसून भाजी चिरायची जागा दिली. रंग शेवटी आला, निळसर हिरवा, आणि तोही या समजुतीनं की त्यावर माश्या बसत नाहीत! त्याआधी आपण कधी स्वयंपाकच केला नव्हता, असं या बाईंनी पुढे स्वतःच सांगितलं. स्वयंपाक न येणारी व्यक्तीसुद्धा चांगलं किचन करू शकते. करणाऱ्याला नीट बघितलं म्हणजे झालं.

शोरूममध्ये जाताना

* ओट्याची उंची आधी. साधारण ३२ ते ३४ इंच मिळते. जो जास्त वेळ उभा राहतो, त्याच्या कोपराच्या दोन-चार इंच खाली ओटा हवा.
* सिंकखाली मरीन प्लाय, बिलावर 'आयएस ७१०' लिहून.
* ड्रॉवर चॅनेल किती किलोचं ते विचारा. कुकर, पातेली, स्टीलचे डबे भरलेला ड्रॉवर हलका नसतो. सॅम्पल ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा आणि दाबून बघा.
* सॉफ्ट-क्लोज बिजागरी ही चैन नव्हे. दार आपटत नाही, त्यामुळे जास्त टिकतं.
* शेगडीच्या दोन्ही बाजूंना मेंब्रेन नको.
* आणि आता, एवढं झाल्यावर, रंग!

माझं ठरलंय. सपाट, बिनखाचेचं मॅट लॅमिनेट, फिकट राखाडी. सिंकखाली मरीन प्लाय आणि बादलीपुरती मोकळी जागा. ओट्यावरून घरात थोडी वादावादी झाली. नवरा सहा फुटी आहे, रविवारी बिर्याणी तोच करतो, त्याला ३४ इंच हवा होता. म्हटलं, तू आठवड्यातून एकदा वाक, मावशींचे खांदे रोज उचलले जातात. ओटा ३२ इंचांचा होतोय. सुताराला माप मावशींनी स्वतः उभं राहून दिलंय.