दारापाशी बसलेला पाहुणा



सुट्ट्या लागल्या की मुलांचा एकच हट्ट असतो, ‘मैत्रिणींना रात्री राहायला बोलवू ना!’ हल्ली याला स्लीपओव्हर म्हणतात. आमच्या घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘हे काय नवीन खूळ? आपलं घर सोडून दुसऱ्याकडे कशाला झोपायचं?’ मला मात्र हे खूळ वाटत नाही. आम्ही दिग्रसला मामाकडे जायचो तेव्हा गच्चीवर एका ओळीत दहा-बारा गाद्या पडायच्या. पर्युषणात पौषध घेतलेली मुलं स्थानकात रात्र काढतातच की! आता घरात एक-दोनच मुलं, मामा पुण्याला आणि गच्चीवर मेमधली गरम हवा. म्हणून मुलांची रात्र घरातच, कूलरसमोर. त्यात वाईट काही नाही. वाईट असते ती आपली हौस, आणि हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते.

दोन वर्षांपूर्वी मी लेकीच्या वाढदिवसाला सात मुलं ठेवून घेतली. फुगे लावले, रंगीत दिवे लावले, एक वाजेपर्यंत सिनेमा चालला. फोटो टाकले, शाबासकी मिळाली. पहाटे पाणी भरायला उठले तर एक आठ वर्षांचा मुलगा दप्तर मांडीवर घेऊन दारापाशी बसलेला. ‘काकू, उजाडलं का?’ एवढंच म्हणाला. रात्रभर त्याला झोप नव्हती. मला उठवायला तो लाजला, आणि मी आतल्या खोलीत दार लावून झोपले होते. त्या दिवसापासून माझं मत ठाम झालं. मुलांची रात्र किती रंगली हे फोटोवरून ठरवू नये. जे मूल झोपू शकलं नाही, त्याला कोणाला हाक मारावी हे माहीत होतं का, ते पाहावं.

म्हणून आता मी चार-पाचच मुलं बोलावते. घरात रात्री कोण कोण असणार, हे त्यांच्या आयांना आधीच सांगते, आणि त्यांनी ते विचारलं तर राग मानत नाही. उलट, प्रत्येक आईने विचारावंच. सगळे हॉलमध्ये झोपतात, माझी गादीही तिथेच. ‘घरी जावंसं वाटलं तर रात्री दोनलाही सांग, बाबांना फोन करू,’ हे प्रत्येकाला एकेकट्याने सांगते, सगळ्यांसमोर नाही. कूलरजवळ कोणाची गादी नको. पाणी आणि वीज एकत्र असते तिथे लहान हात नकोत. पॅसेजमधला दिवा रात्रभर चालू.

आता जेवणाचं. मेमध्ये आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, म्हणून मुलांना पाचलाच बोलवावं. कच्च्या केळ्याची पावभाजी, मुगाचे धिरडे, आमरस. बटाटा-कांदा नाही याची आठवणही कोणाला होत नाही. सहाला पंगत उठते. माझी लेक चौविहार करते, पण तिच्या वर्गातली इतर मुलं करत नाहीत. पहिल्यांदा मी विचारात पडले. रात्री कोणी पाणी मागितलं तर? सासूबाईंनीच सोडवलं, ‘पच्चक्खाण ज्यानं घेतलं त्यानं पाळायचं. दुसऱ्याच्या लेकराला तहानलेलं ठेवणं हा कुठला धर्म?’ तेव्हापासून उकळून गार केलेलं पाणी आणि पेले कोपऱ्यात ठेवलेले असतात. अन्न मात्र रात्री नाही, हा घराचा नियम; तो मी आयांना आधीच कळवते.

मग वेळ कसा घालवायचा? आपल्याकडे ज्ञानबाजी आहे ना! सापशिडीसारखाच पट, पण बहुधा ८४ घरांचा. गुणांच्या शिड्या, दोषांचे साप, आणि सगळ्यात वर सिद्धशिला. पूर्वी पर्युषणात बायका हा पट मांडत. आम्ही तो चार्ट पेपरवर काढतो. प्रत्येक सापाला मुलंच नाव देतात. एकीने ‘चिडवणं’ लिहिलं, दुसऱ्याने ‘मोबाइल’. त्यावर जी चर्चा होते ती कुठल्याही सिनेमापेक्षा मजेची. मोबाइल आमचेही टोपलीत, माझा एक सोडून, तो आईवडिलांसाठी.

साडेनऊला दिवे मंद. माझी लेक नवकार म्हणते, ज्याला आपल्या घरची प्रार्थना म्हणायची त्याने ती म्हणावी. मग सासूबाईंची एक गोष्ट.

तो दारापाशी बसलेला मुलगा यंदा पुन्हा आला. मी त्याच्या आईला आधी सगळं सांगितलं होतं. रात्री एकला त्याने माझा पदर ओढला, ‘काकू, झोप येत नाही.’ मी त्याची गादी माझ्याशेजारी ओढली. दहा मिनिटांत घोरायला लागला.

मैत्रिणींनो, तुम्हीही बोलवा मुलांना. फुगे नसले तरी चालेल, पण त्या रात्री तुमच्या झोपायच्या खोलीचं दार लावू नका.