शेवट सांगितला, तर बिघडले कुठे?

'शेवट मात्र सांगू नका हं!'

रहस्यपट पाहून घरी आलेल्या माणसाला ही शपथ हमखास घातली जाते. तो बापडा जेवताना गप्प, पान जुळवताना गप्प. आणि एखाद्या उतावळ्या मेहुण्याने 'अहो, तो डॉक्टरच खुनी!' असे सांगून टाकले, की तिकिटाचे पैसे बुडाल्यासारखे सगळ्या घराचे चेहरे उतरतात.

प्रेक्षकांच्या ह्या धास्तीबद्दल माझी तक्रार नाही. त्यांना जे वाढले गेले त्यावरून त्यांनी चवीचा अंदाज बांधला. माझी तक्रार आहे ती चित्रपट लिहिणाऱ्यांविषयी आणि काढणाऱ्यांविषयी. रहस्यपट म्हणजे खुन्याचे नाव दोन तास दडवून ठेवणे, अशी त्यांचीही समजूत आहे. मग संशय आधी नायकावर, नंतर स्वयंपाक्यावर, नंतर माळ्यावर. आणि शेवटच्या पाच मिनिटांत, ज्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते असा एक दूरचा काका पुढे येतो आणि पिस्तूल रोखून, आपण खून का केला ह्यावर सविस्तर व्याख्यान देतो. असला चित्रपट शेवट कळल्यावर पाहवत नाही, हे खरेच आहे. पण शेवट न कळता तरी तो कितीसा पाहवतो?

माझे म्हणणे थोडक्यात असे. रहस्यपटाची खरी कला वाटणीची आहे. कोणती गोष्ट कोणाला, आणि केव्हा कळावी, ह्याची वाटणी. ही वाटणी कॅमेरा सुरू झाल्यावर करता येत नाही. ती आधी कागदावर व्हावी लागते. आणि आमच्याकडे खर्चाच्या यादीत सगळे असते, हा कागद तेवढा नसतो.

आल्फ्रेड हिचकॉकने १९६२ साली फ्रान्सच्या त्र्युफो ह्या दिग्दर्शकाला दीर्घ मुलाखत दिली, ती पुढे ग्रंथरूपाने आली. तीत त्याने दिलेला दाखला आता जगभर शिकवला जातो. काही माणसे टेबलाभोवती गप्पा मारीत बसली आहेत आणि टेबलाखाली बाँब आहे. प्रेक्षकाला तो ठाऊक नसेल, तर स्फोट होताच तो पंधरा सेकंद दचकेल. पण बाँब ठेवताना त्याने पाहिले असेल, समोरच्या घड्याळात किती वाजले तेही त्याला दिसत असेल, तर त्याच रिकाम्या गप्पा पंधरा मिनिटे त्याचा जीव टांगून ठेवतील.

हे केवळ बोलून दाखवून तो थांबला नाही. बोअलो आणि नार्सेजाक ह्या फ्रेंच लेखकद्वयाच्या १९५४ सालच्या कादंबरीवर त्याने १९५८ मध्ये 'व्हर्टिगो' काढला. मेलेली स्त्री आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी स्त्री ह्यांचे नाते काय, हे रहस्य कादंबरीने शेवटपर्यंत राखले होते. हिचकॉकने ते चित्रपटाचा बराच भाग उरलेला असतानाच प्रेक्षकाला सांगून टाकले. नायकाला मात्र सांगितले नाही. त्या क्षणापासून 'ती कोण?' हा प्रश्न संपतो आणि 'ह्याला कळल्यावर काय होईल?' हा प्रश्न सुरू होतो. पहिला प्रश्न कोड्याचा आहे, दुसरा माणसाचा.

ह्यावर कोणी म्हणेल, 'अहो, त्याच हिचकॉकने १९६० साली "सायको"च्या वेळी शेवट सांगू नका म्हणून जाहिरात केली होती, उशिरा येणाऱ्यांना आत सोडू नये असा दंडक घातला होता!' कबूल. पण ज्यांना त्या चित्रपटाचा शेवट तोंडपाठ आहे, असे लोकही साठ वर्षांहून अधिक काळ तो पुन:पुन्हा पाहत आले आहेत. जाहिरात हे दुकानदाराचे काम झाले. माल कसा आहे, हे दुसऱ्या खेपेला कळते.

असो. दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा दाखला घरचाच घेऊ. समजा, चिपळूणच्या बाजूला एक जुने घर आहे. घरात आजी, थोरला मुलगा, सून आणि दोन नातवंडे अशी पाच माणसे. नरकचतुर्दशीची पहाट. मुंबईचा धाकटा मुलगा आठच्या एस. टी.ने येतो, आजीच्या पाया पडतो, फराळाला बसतो. त्याच दिवशी आजीच्या ट्रंकेतले घराचे कागद नाहीसे झालेले आढळतात. खरे असे, की धाकटा पहाटे पाचलाच आला होता. मंडळी न्हाणीघरापाशी गुंतलेली पाहून त्याने कागद काढले, आणि पुन्हा स्टँडवर जाऊन आठला उजळ माथ्याने परतला.

आता त्याची खूण कोणती ठेवावी? मला प्रथम सुचला उटण्याचा वास. कथेत तो छान चालला असता. पण पडद्याला नाक नसते! पटकथेत डोळ्यांना दिसेल किंवा कानांना ऐकू येईल तेवढेच खरे. म्हणून मी कारीट घेतले. तुळशीपाशी पाच जणांची पाच कारिटे चिरडलेली असायला हवीत, आहेत सहा. अंधारात निसटताना ताटलीतले एक कारीट धाकट्याने सवयीने पायाच्या अंगठ्याखाली घेतले. लहानपणापासूनची सवय, चोराच्या पायालाही संस्कार असतात. आजी सहावे कारीट पाहते आणि 'दोन-दोन फोडलीस ना रे?' म्हणून नातवालाच रागावते. नातू रडतो, प्रेक्षक हसतात आणि विसरतात. खूण अशी दुसऱ्याच निमित्ताने पेरावी लागते.

आता वाटणी पाहा. चोर कोण हे शेवटपर्यंत झाकले, तर आपल्या नेहमीच्या धाटणीचा एक चित्रपट होईल. धाकट्याचा पाय कारिटावर पडताना आरंभीच दाखवला, तर नातवाचे रडणे पाहून हसू येणार नाही, पोटात कालवेल. आणि तिसरी तऱ्हा अशी: दुपारपर्यंत आजीला सारे उमगले आहे, हे प्रेक्षकाला दिसले आहे, फक्त धाकट्याला ठाऊक नाही. ती त्याच्या पानात वाढते आणि म्हणते, 'घे रे, आणखी एक करंजी घे. प्रवासाने दमला असशील.' ह्या साध्या वाक्याने आता घास घशात अडकतो. माणसे तीच, घर तेच, करंजीही तीच. खर्च एका रुपयानेही वाढला नाही; बदलली ती केवळ वाटणी. आणि चोर कोण हे मी तुम्हांला सांगून बसलो आहे, तरी आजी पुढे काय करील, हे जाणून घ्यावेसे वाटतेच ना?

ह्यासाठी तीन रकान्यांचा एक कागद लागतो. पहिल्या रकान्यात प्रत्यक्ष काय घडले ते घड्याळाच्या क्रमाने लिहावे: पाच वाजता कोण कुठे होते, ट्रंकेची किल्ली कोणाच्या कमरेला होती. दुसऱ्यात, कोणत्या पात्राला काय ठाऊक आहे. तिसऱ्यात, प्रेक्षकाला काय ठाऊक आहे. पहिला रकाना पक्का असला, की तिसऱ्याची हवी तशी उलथापालथ करा. ख्रिस्तोफर नोलानच्या 'मेमेंटो'त (२०००) रंगीत प्रसंग उलट्या क्रमाने आणि कृष्णधवल प्रसंग सुलट क्रमाने येऊन शेवटी एकमेकांना मिळतात. सरळ गोष्ट आधी पक्की नसती, तर ही कसरत साधली असती काय? ग्रॅहम ग्रीनने 'द थर्ड मॅन' (१९४९) लिहिताना तर आधी सबंध कथाच लिहून काढली. कथेशिवाय पटकथा लिहिणे आपल्याला जमत नाही, अशी त्याची भूमिका होती. एवढ्या मोठ्या कादंबरीकाराला जे जमत नव्हते, ते आमच्याकडे चहाच्या दोन कपांत जमते!

'आराखड्याने प्रतिभा मरते,' असा एक आक्षेप असतो. आमचे गवई मनसोक्त ताना घेतात त्या तालाच्या आवर्तनातच, आणि समेवर येऊनच दाद मिळवतात. समेचा पत्ता नसलेल्या गायकाला आपण प्रतिभावंत म्हणत नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा. 'मराठीला असले परवडत नाही.' हे तर उफराटेच झाले. 'सायको' हिचकॉकने आपल्या दूरदर्शन-मालिकेच्या मंडळींना घेऊन सुमारे आठ लाख डॉलरांत केला. पण स्नानगृहातल्या त्या प्रसंगाचा चित्रमय आराखडा आधी तयार होता, आणि त्याच्यावर सात दिवस खर्ची पडले. १९६९ सालचा यश चोप्रांचा 'इत्तेफाक' गुजराती नाटकावरून घेतलेला. त्यात एकही गाणे नाही, बहुतेक सारे एका रात्रीत आणि एका घरात घडते, आणि चित्रण सुमारे महिन्याभरात उरकले. मराठीचेच म्हणाल, तर राजा परांजप्यांचा 'पाठलाग' (१९६४) जयंत देवकुळ्यांच्या कादंबरीवरून झाला, आणि दोन वर्षांत हिंदीने त्यावरून 'मेरा साया' केला. तेव्हा आपल्याकडून रहस्य उसने नेले गेले होते! ज्याच्याजवळ पैसा आहे, तो चूक झाली तर पुन्हा चित्रण करील. ज्याच्याजवळ नाही, त्याने चुका कागदावरच करून घ्याव्यात. तिथे त्या फुकट पडतात.

आणि प्रेक्षकाला हे पचणार नाही, असे तर कोणी म्हणूच नये. जीतू जोसेफचा मल्याळी 'दृश्यम' (२०१३) आणि निशिकांत कामतांनी गोव्याच्या पार्श्वभूमीवर केलेला त्याचा हिंदी अवतार (२०१५) लोकांनी डोक्यावर घेतले. त्यात माणूस कोणाच्या हातून मेला, हे प्रेक्षक स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. पुढचा सारा खेळ, पोलिसांना ते कळते की नाही, ह्याचा. गंमत अशी, की त्यातला नायक स्वतःच पटकथाकाराचे काम करतो: साक्षीदारांच्या आठवणीतली तारीख सरकवतो, तिकिटे जपून ठेवतो, बायकामुलींना उत्तरे पढवतो. चौथीपर्यंत शिकलेल्या त्या गृहस्थाला जे कळले, ते आमच्या निर्मात्यांना कळू नये?

कळते, पण वळत नाही. एका निर्मात्याने मला सांगितले होते, 'चित्रणाच्या तारखा ठरल्या आहेत; शेवट तोवर सुचेल.' दिव्यांचे भाडे, नटांच्या तारखा, जेवणाची ताटे ह्यांचा हिशेब त्यांच्या वहीत चोख होता. लेखकाच्या तीन महिन्यांसाठी त्या वहीत ओळ नव्हती. आमच्या रहस्यपटाचा खून होतो तो इथे, आणि खुनी कोण हे सांगायला गुप्तहेराची गरज नाही.

म्हणून वाचकहो, माझी तुम्हांला एक विनंती आहे. पुढच्या खेपेला कोणी 'शेवट सांगू नका' म्हणाले, तर खुशाल सांगा. शेवट कळूनही जो चित्रपट पाहायला तुमच्या घरची मंडळी उठून जातील, तो कोणीतरी नीट लिहिलेला असेल. आणि जो त्या एका वाक्याने कोसळेल, त्याच्या तिकिटांच्या पैशांत ह्या दिवाळीत चार पुस्तके घ्या.