शेतांतील शिलावर्तुळें आणि खातेदार

नागपुराहून काटोलकडे जातांना जुनापाणी येथील माळावर मोठमोठ्या काळ्या धोंड्यांचीं वर्तुळें पाहावयास मिळतात. सभोंवार गोलाकार मांडलेल्या शिळा, मध्यें मुरूम व दगडगोटे यांचा बसका उंचवटा, कांहीं शिळांवर कोरलेले लहान लहान खळगे, असें त्यांचें स्वरूप आहे. एकट्या जुनापाणीस अशीं सुमारें ३०० वर्तुळें आहेत. महूरझरी, टाकळघाट-खापा, नाईकुंड या बाजूसही तीं आढळतात. लोक तीं गवळ्यांचीं म्हणतात. वस्तुतः इसवी सनापूर्वींच्या पहिल्या सहस्रकांतील लोकांचीं तीं दफनस्थानें होत.

रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानें १८७९ सालीं त्यांची हकीकत छापली. १९६१-६२ सालीं जुनापाणीचीं तीन वर्तुळें शास्त्रीय रीतीनें उकरण्यांत आलीं. पुढें नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव यांनीं टाकळघाट-खापा व महूरझरी येथें उत्खननें केलीं. माणसांच्या अस्थि, काळीं-तांबडीं मडकीं, लोखंडी कुऱ्हाडी व कट्यारी, घोड्यांचे लगाम, त्यांच्या तोंडावरील तांब्याचे अलंकार, असें साहित्य निघालें. नाईकुंडास तर लोखंड गाळण्याची भट्टीच हातीं लागली. गुप्तधनाच्या आशेनें रात्रीं कुदळ मारणारास मात्र खापरांवांचून बहुधा कांहीं लाभत नाहीं.

अशीं वर्तुळें आज शेतांतून नाहींशीं होत आहेत, आणि त्यास द्रव्यलोभापेक्षां भीति अधिक कारण आहे असें आमचें मत आहे. ‘सरकारच्या दृष्टीस पडलें कीं जमीन गेली’ अशी समजूत असल्यामुळें खातेदार आधींच धोंडे फोडून गिट्टीस देतो व जागा सपाट करतो. एवढें करून मिळतें काय? १५ मीटर व्यासाचें वर्तुळ म्हणजे सुमारें पावणेदोन गुंठे, आणि तीही मुरमाड.

कायद्याचा आशय भीति वाटण्याजोगा नाहीं. १९०४ च्या व त्यानंतर १९५८ च्या कायद्यानें स्मारकाच्या व्याख्येंत थडग्यांचे उंचवटे व दफनस्थानें स्पष्ट घातलीं आहेत. संरक्षित स्मारक मोडतां येत नाहीं. मोडल्यास २०१० च्या दुरुस्तीप्रमाणें दोन वर्षेंपर्यंत कैद, एक लाख रुपयेपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊं शकतात. सभोंवारच्या १०० मीटरांत बांधकाम व खाणकाम यांस मनाई आहे, पण नांगरास नाहीं. खुद्द संरक्षित क्षेत्रांतही एक फुटापर्यंतच्या मशागतीस कायद्यानें मोकळीक ठेविली आहे. शिवाय उत्खननामुळें वा या कायद्याच्या अंमलामुळें जमिनीच्या उत्पन्नांत तूट आल्यास भरपाई मागण्याचा हक्क त्याच्या २७ व्या कलमानें धारकास दिला आहे. हें कलम माहीत असलेला शेतकरी आम्हांस अद्याप भेटला नाहीं.

दोष एकट्या शेतकऱ्याचा नाहीं. स्मारक संरक्षित करण्याच्या इराद्याची जाहिरात जागेजवळ लावून दोन महिन्यांपर्यंत हरकती घेण्याची तजवीज आहे. आम्ही नोकरींत असतांना अशी एक जाहिरात इंग्रजींत आली. शिपायानें ती बाभळीस चिकटविली, आणि आम्हींच ‘नोटीस बजावली’ असा शेरा मारून कागद दप्तरीं लाविला. ज्याचें शेत, त्यास वाचतां येत नव्हतें. मुदत गेली, पाऊस पडला, कागद गळाला. दोन वर्षांनीं त्या खातेदारानें दोन वर्तुळें फोडून धोंडे एका ठेकेदारास विकले, तेव्हां त्यास विचारावयास आम्हीच गेलों. तो म्हणाला, “रावसाहेब, मला कुणी सांगितलंच नाहीं.” त्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

म्हणून आमची मागणी एवढीच कीं, जाहिरात मराठींत निघावी, खातेदारास ती समक्ष वाचून दाखवावी, आणि वर्तुळाची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यांत होऊन हद्दीचे दगड रोवले जावेत. म्हणजे जमीन विकत घेणारासही पुढें अजाणपणाची सबब राहणार नाहीं. तूर्त कित्येक वर्तुळें कोणत्याच यादींत नाहींत. त्यांचे गट क्रमांक ज्यांस ठाऊक आहेत ते वाचकच होत. त्यांनीं ते लिहून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा, एक प्रत आपणांजवळ ठेवावी, आणि पोंच घेतल्यावांचून कचेरींतून उठूं नये.