बारावी राहून गेली, आता पुढे काय?



शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. मधल्या सुट्टीत एक अम्मी आपल्या थोरल्या मुलाला घेऊन आल्या. मुलगा 19 वर्षांचा. पाचवीपर्यंत आमच्याच शाळेत होता, नंतर मदरशात गेला आणि अल्हम्दुलिल्लाह हाफिज झाला. अम्मी म्हणाल्या, "बाजी, याला कॉलेज शिकायचंय. मोहल्ल्यातले लोक म्हणतात, सहा महिन्यांचा कोर्स केला की दहावी-बारावीशिवाय सरळ बी.ए.ला बसता येतं. खरं आहे का?"

काही वर्षांपूर्वी असं कोणी विचारलं की मी लगेच "हो, भरा फॉर्म" म्हणायचे. आता मी आधी एक प्रश्न विचारते. तो का विचारते, हे या महिन्यात सांगायचं आहे.

अम्मींनी ऐकलं ते खोटं नव्हतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली स्थापन झालं. शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढांना शिकता यावं म्हणून या विद्यापीठाने पूर्वतयारी शिक्षणक्रम आणला. बारावी झालेली नाही, पण वयाची 18 वर्षे पूर्ण आहेत, अशा व्यक्तीने सहा महिने अभ्यास करून परीक्षा द्यायची आणि मग त्याच विद्यापीठात पदवीला प्रवेश घ्यायचा. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानेही असाच अभ्यासक्रम चालवला. लग्नामुळे, गरिबीमुळे ज्यांची शाळा सुटली, अशा कितीतरी भगिनींच्या हाती या वाटेने पदवी आली. घर सांभाळून, मुलं झोपल्यावर अभ्यास करून त्यांनी ती मिळवली. त्यांची मेहनत मी कमी लेखत नाही.

पण आमच्या एका माजी विद्यार्थिनीची हकीकत ऐका. नववीत असताना तिचं लग्न झालं. 26व्या वर्षी ती माझ्याकडे आली, "बाजी, मला परत शिकायचंय." मी तिला पूर्वतयारीचा रस्ता दाखवला. तिने तो पार केला आणि पुढे बी.ए.ही झाली. आम्ही शाळेत मिठाई वाटली. मग तिने डी.एड.ची चौकशी केली, कारण तिला लहान मुलांची शिक्षिका व्हायचं होतं. डी.एड.चा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो. तिच्याकडे बी.ए.ची पदवी होती, बारावीची गुणपत्रिका नव्हती. ती मला म्हणाली, "बाजी, बी.ए. मोठं की बारावी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. 31व्या वर्षी तिने दहावीचा फॉर्म भरला.

चूक माझी होती. तिला काय व्हायचं आहे, हे मी विचारलंच नव्हतं.

पूर्वतयारीचं प्रमाणपत्र ज्या विद्यापीठाचं, त्या विद्यापीठाचं दार उघडतं. ते सगळीकडे बारावीच्या बरोबरीचं धरलं जाईलच असं नाही. डी.एड., नर्सिंग, पोलीस भरती, सगळे बारावी मागतात. ज्या भगिनीला स्वतःसाठी शिकायचं आहे, मुलांचा अभ्यास घ्यायचा आहे, आपल्या धंद्यात चार पावलं पुढे जायचं आहे, तिच्यासाठी ही वाट चांगली आहे. ज्याला पुढे नोकरी किंवा दुसरा कोर्स करायचा आहे, त्याने दहावी-बारावी टाळू नये. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम बदलत असतात, म्हणून यंदाची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय कुठेही पैसे भरू नका.

दहावी-बारावीसाठी पुन्हा वर्गात बसावं लागत नाही. आपल्या राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म सर्वांना ऐकून माहीत आहे. तो भरून खाजगीरीत्या दहावी किंवा बारावीला बसता येतं. प्रमाणपत्र मंडळाचंच मिळतं.

दुसरी सोय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. ही केंद्र सरकारची संस्था आहे. दहावीसाठी वयाची 14 वर्षे पूर्ण हवीत, वरची मर्यादा नाही. पाच विषय घ्यायचे, त्यात किमान एक भाषा हवी. परीक्षा वर्षातून दोनदा होते. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि एकदा सुटलेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. दहावीत नापास झालेल्यांना मंडळाच्या परीक्षेत सुटलेले दोन विषयही इथे वळवून घेता येतात. उर्दू माध्यम आहे, आणि अरबी हा विषयही घेता येतो.

मदरशातून आलिम-फाजिल होऊन बाहेर पडलेल्यांसाठी आणखी एक वाट आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने 2013 साली मदरसा फारिगीनसाठी एक वर्षाचा ब्रिज कोर्स सुरू केला. वर्षभर इंग्रजी आणि आधुनिक विषयांची तयारी करून घ्यायची, मग पदवीला प्रवेश. हैदराबादच्या मौलाना आझाद नॅशनल उर्दू युनिव्हर्सिटीतही असे कोर्स आहेत, आणि मान्यताप्राप्त मदरशांच्या सनदीवर तिथे काही अभ्यासक्रमांना प्रवेशही मिळतो. आपल्या मदरशाचं नाव त्या यादीत आहे का, हे आधी पाहावं. मात्र नुसत्या हिफ्जच्या सनदीवर ही दारं उघडत नाहीत.

हे सगळं सांगून झाल्यावर मी त्या मुलाला विचारलं, "बेटा, तुला काय व्हायचंय?" तोपर्यंत तो एक शब्द बोलला नव्हता. म्हणाला, "मला कॉलेजात अरबी शिकवायची आहे." अम्मी त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

मग हिशेब सोपा झाला. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट किंवा सेट हवी, म्हणजे आधी बी.ए. आणि त्याआधी दहावी-बारावी. तिथे कुठे अडायला नको, म्हणून एनआयओएसमधून दहावी, भाषा म्हणून अरबी आणि उर्दू. त्याने हळूच विचारलं, "गणित घ्यावंच लागेल का?" तिथे गणित सक्तीचं नाही. कॉमर्स किंवा सायन्सकडे जाणाऱ्याने ते सोडू नये. याने सोडलं तरी चालेल. इंग्रजी मात्र मी त्याला सोडू दिली नाही. कुरआन शरीफ पाठ करणाऱ्या मुलाला रोज फजरनंतर एक तास बसायची सवय असते. तोच तास आता इंग्रजीला द्यायचा.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन आला. शाळेच्या दाखल्यावर नाव एक, आधार कार्डावर दुसरं, मदरशाच्या सनदीवर तिसरं. कुठे मोहम्मद, कुठे नुसतं मो., कुठे शेख आधी, कुठे शेवटी. आपल्या घरोघरी हेच आहे. एकदा बोर्डाच्या प्रमाणपत्रावर चुकीचं नाव छापलं गेलं की दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात. म्हणून आधी दाखल्याप्रमाणे आधार दुरुस्त करून आण, मग फॉर्म भरू, असं मी त्याला सांगितलं.

आधार केंद्रावर त्याला पुढच्या सोमवारची वेळ मिळाली आहे. बारावी व्हायला तीन वर्षं तरी लागतील, हे अम्मींना मी स्पष्ट सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, "लागू देत. मध्येच परत फिरावं लागू नये, एवढंच."

तुमच्या घरातही असं कोणी असेल, तर फॉर्म आणण्याआधी त्याला किंवा तिला जवळ बसवून विचारा, काय व्हायचं आहे? अल्लाह तआला सर्वांचा मार्ग सोपा करो, आमीन.