टेकडीची सेवा

आषाढ जवळ आला कीं शहराशेजारच्या टेकड्यांवर आणि उद्यानांत रोपांनीं भरलेल्या गाड्या येऊं लागतात. शाळांच्या रांगा, मंडळांचे फलक, पाहुण्यांचे हार, खड्ड्यांत रोप, रोपापाशीं छायाचित्र आणि शेवटीं अल्पोपहार, असा हा सोहळा आतां सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. त्याची परंपराही लहान नाहीं. १९५० सालीं तेव्हांचे केंद्रीय अन्न व शेती मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनीं वनमहोत्सवास प्रारंभ केला; आणि अलीकडे महाराष्ट्र शासनानें २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत मिळून ५० कोटी झाडें लावण्याचा संकल्प सोडला होता, त्यांतील ३३ कोटी एकट्या २०१९ सालचीं. हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु लावलेलें रोप मार्गशीर्षांत कोठें आहे आणि चैत्रांत त्यास पाणी कोणीं घातलें, हें विचारणारा मनुष्य त्या छायाचित्रांत सहसा नसतो.

हा विषय निघण्यास निमित्त झालें तें पुण्याच्या एका वाचक भगिनींचें पत्र. त्यांचें कुटुंब एकत्र आहे. घरांत शाळेंत जाणारीं चार मुलें आहेत. जवळच्या टेकडीवर दर रविवारीं कांहीं मंडळी कामासाठीं जमतात. मुलांस तिकडे जावयाचें आहे, आणि दोन वर्षांपूर्वीं नोकरींतून मोकळे झालेले सासरे, त्यांसही. घरांतील इतरांचें म्हणणें असें कीं, मुलांचा अभ्यास बुडेल, वडिलांचे गुडघे दुखतील, आणि झाडें लावणें हें तर सरकारचें काम आहे. काय करावें, असें त्या विचारतात. आमचें उत्तर असें कीं मुलांनीं जावें, आजोबांनींही जावें. मात्र पहिलें वर्षभर झाड लावण्याची घाई कोणीं करूं नये.

हें उत्तर चमत्कारिक वाटेल, म्हणून जरा विस्तारानें सांगतों.

वेताळ, हनुमान, चतुःशृंगी, पर्वती, तळजाई या पुण्याच्या टेकड्या म्हणजे काळा कातळ आणि त्यावर कोठें वीतभर तर कोठें बोटभर माती. पाऊस वर्षाला सुमारें ७० सेंटिमीटर, तोही बहुतेक सर्व चार महिन्यांत. अशा उतारांचें मूळचें रूप घनदाट अरण्याचें नव्हे, तर गवताळ माळाचें. कुसळी, पवना, मारवेल यांसारखीं गवतें आणि त्यांत मधून मधून सालई, मोई, खैर, हिवर, बोर, पळस. वैशाखांत हा माळ पाहून आपण त्यास उजाड म्हणतों. वस्तुतः त्या वेळीं त्याच्या पोटांत शेंकडों कंद निजलेले असतात. पहिल्या दोन सरी पडल्या कीं पांढरी मुसळी वर येते, जमिनीला चिकटलेल्या पानांतून आमरीचे तुरे निघतात, मागाहून कळलावी चढते. टिटवी तर उघड्या खडकाळ जमिनीवरच अंडीं घालते. तीं बहुधा चार असतात आणि गोट्यांशीं इतकीं मिळून जातात कीं पाय पडेपर्यंत दिसत नाहींत. तेथें उत्साही मंडळी कुदळी घेऊन शिरली, तर सेवा कोणाची झाली?

गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत याच टेकड्या हिरव्या करण्यासाठीं गिरिपुष्पाची फार मोठी लागवड झाली. हें झाड मेक्सिको व मध्य अमेरिका येथील. त्याचें लॅटिन नांव ग्लिरिसिडिया. त्याचा धात्वर्थ उंदीर मारणारें असा होतो, आणि आपल्याकडेही त्यास उंदीरमारी म्हणतातच. ग्लिरिसिडियाचें गिरिपुष्प करणाऱ्या अज्ञात पंडितास मात्र आमचा नमस्कार. नाद राखून अर्थही बसविला. झाड भराभर वाढतें, फांदी खोंचली तरी जगतें, माघ-फाल्गुनांत गुलाबी फुलांनीं शोभतेंही. लावणारांनीं तें सद्भावनेनेंच लावलें. परंतु त्याच्या दाट सावलींत ऊन मागणारीं गवतें टिकत नाहींत, आणि गवत गेलें कीं गवतावर जगणारा चंडोल, तित्तिर, फुलपांखरें, सर्वांचाच संसार मोडतो. दुरून टेकडी हिरवी दिसते. जवळ जाऊन कान द्यावा तर ती पूर्वीपेक्षां मुकी झालेली असते. म्हणून आम्ही म्हणतों कीं, जागा ओळखल्यावांचून तिची सेवा करूं नये. घरांत रोगी असला तर वैद्य आधीं नाडी पाहतो कीं मात्रा उगाळतो?

मग वर्षभर करावयाचें काय? पुष्कळ आहे. गाजरगवत उपटणें हें पहिलें. याचा फैलाव आपल्या देशांत प्रथम ध्यानांत आला तो पुण्यांतच, १९५०च्या दशकांत. तेव्हां हें ऋण पुणेकरांनीं फेडावयासच हवें. तें फुलावर येण्यापूर्वीं, पावसानें माती मऊ असतांना, मुळासकट काढावें. हातमोज्यांवांचून मुलांस हात लावूं देऊं नये, कारण त्यानें अंगाला खाज सुटते व पुरळ उठतो. घाणेरीच्या जाळ्या पसरत असतील तर त्यांसाठीं जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं मोठ्यांनींच जावें. हिंवाळ्यांत वाळलेल्या गवताच्या जाळरेषा काढण्यास वनखात्याच्या माणसांस मदत करितां येते, म्हणजे फाल्गुनांत कोणी विडी टाकली तरी सबंध उतार जळून जात नाहीं. उन्हाळ्यांत ज्यांनीं पूर्वीं योग्य जागीं योग्य झाडें लावलीं आहेत त्यांच्या रोपांस पाणी नेणें, हें पुण्यांतील कित्येक वृद्ध गृहस्थ वर्षानुवर्षें करीत आले आहेत. सकाळीं फिरावयास जातांना हातांत पाण्याची बाटली, आणि वर पोंचल्यावर ती एका ठराविक रोपाच्या मुळाशीं रिकामी. यांचे फलक नाहींत, हार नाहींत. आमच्या मतें टेकडी जिवंत राहते ती अशा माणसांवर.

एक सूचना येथेंच केलेली बरी. टेकडी मोकळी दिसली तरी ती बेवारशी नसते. ती वनखात्याची आहे कीं महापालिकेची, हें आधीं विचारावें आणि परवानगीनें, चालू असलेल्या कामांतच सामील व्हावें. आपापल्या मनानें आंब्याच्या कोयी फेंकणें, घरीं कुंडींत मावेनासें झालेलें शोभेचें झाड टेकडीवर नेऊन लावणें, हे प्रकार प्रेमाचे असले तरी उपयोगाचे नाहींत.

आतां मुलांच्या अभ्यासाविषयीं. अभ्यास बुडेल ही भीति ज्यांस वाटते त्यांनीं अभ्यास म्हणजे काय याचा थोडा विचार करावा. अमरकोशाच्या द्वितीय कांडांत वनौषधिवर्ग आहे, सिंहादिवर्ग आहे. पाठशाळांतून तो मुलांच्या जिभेवर असे. नांवें तोंडपाठ, पण त्यांतील दहा झाडें दारांत उभीं असलीं तरी ओळखतां येऊं नयेत, अशी स्थिति पुष्कळदां होती. मेघदूतांतील चातकाचेंही तेंच. तो केवळ मेघाचें पाणी पितो हा कविसंकेत प्रत्येक संस्कृत घेणाऱ्या विद्यार्थ्यास माहीत असतो. परंतु चातक हा खराखुरा पक्षी आहे, डोक्यावर तुरा, वरून काळा व खालून पांढरा. तो पावसाच्या आगेमागें आफ्रिकेहून समुद्र ओलांडून आपल्याकडे येतो, केसाळ सुरवंट खातो आणि आपलीं अंडीं सातभाईंच्या घरट्यांत चोरून ठेवतो, हें कितीकांस ठाऊक असतें? ज्यानें तो पक्षी एकदां डोळ्यांनीं पाहिला, त्यास कालिदास अधिकच समजेल, कमी नव्हे.

आमच्या महाराष्ट्रानें या बाबतींत एक उत्तम उदाहरण घालून दिलें आहे, त्याचा विसर पडूं नये. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें आणि १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. आदिवासी मुलें गुरें राखावयास जात, त्यामुळें शाळेंत येत ना. तेव्हां मुलें येत नाहींत म्हणून हळहळत न बसतां शाळाच कुरणांत नेण्यांत आली. तीच त्यांची कुरणशाळा. गुरें चरत आहेत, आणि पानें, बिया, दगड, किडे हींच शिक्षणाचीं साधनें. आमच्या शहरांतील मुलांस गुरें राखावयाचीं नाहींत हें खरें. पण त्यांस आठवड्यांतून एक सकाळ कुरण मिळूं नये असें कोणत्या शास्त्रांत सांगितलें आहे?

घरांतील वडील माणसाचें काम येथें लागतें. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचा जन्म १९४२ सालीं पुण्यांतच झाला. त्यांचे वडील धनंजयराव हे थोर अर्थशास्त्रज्ञ, आणि पक्ष्यांचे शौकीनही. चौदा वर्षांच्या सुमारास माधवरावांच्या लक्षांत आलें कीं, वेड्या राघूंच्या शेपटींतून सुईसारखीं निघणारीं मधलीं दोन पिसें दिसेनाशीं झालीं आहेत. वडिलांनीं सुचविलें कीं, सालिम अली यांनाच पत्र लिहून विचार. मुलानें पत्र लिहिलें. आणि त्या विख्यात पक्षिशास्त्रज्ञानें उत्तर पाठविलें कीं, हीं पिसें गळतात व पुन्हां उगवतात. प्रश्न मुलाचा, उत्तर सालिम अलींचें. पण मध्यें वडील नसते तर तें पत्र टपालांत पडलें नसतें. "उगीच कांहीं तरी विचारूं नकोस" हें वाक्य घराघरांत किती स्वस्त आहे, हें वाचकांस सांगावयास नको.

म्हणून त्या सासऱ्यांस आमचें आग्रहाचें सांगणें आहे कीं, गुडघ्यांची सबब फार मनावर घेऊं नये. कुदळ त्यांनीं मारूंच नये, ती तरुणांची. वयस्क माणसापाशीं जें असतें तें म्हणजे सवड आणि नियमितपणा, आणि टेकडीच्या सेवेंत यांचाच तुटवडा असतो. त्यांनीं एकच जागा निवडावी, एक वळण, एक ओहळ, एक पळस. आणि नातवंडांस घेऊन दर आठवड्यास तीच जागा पाहावी. पळस केव्हां फुलला, पहिली कळलावी केव्हां दिसली, हिंवाळ्याचा पाहुणा धोबी पक्षी कोणत्या तारखेस आला, हें लिहून ठेवावें. त्यासाठीं निराळी वहीही नको. घरोघर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब लिहिलेला असतोच, त्याच चौकोनांत पळसालाही जागा होईल. दहा वर्षें झालीं कीं त्या नोंदींचें मोल शास्त्रज्ञांसही वाटेल. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणें प्रत्येक स्थानिक संस्थेनें लोक-जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. ती कचेरींत बसून नीट भरतां येत नाहीं, अशाच घरगुती निरीक्षणांवर ती सकस होते.

याचें व्यावहारिक महत्त्वही कमी नाहीं. वेताळ टेकडीवरून न्यावयाचा रस्ता व बोगदे यांविरुद्ध २०२३ च्या एप्रिलमध्यें पुण्यांतील नागरिकांचा मोठा मोर्चा निघाला होता. रहदारीचा प्रश्न खरा आहे आणि त्या वादाचा निवाडा या पानांत होणार नाहीं. आम्हांस एवढेंच दिसतें कीं, नकाशावर टेकडी ही एक रिकामी जागा असते. त्या जागेंत काय काय आहे हें तारीखवार सांगणारे लोक शहरांत नसले, तर ती रिकामी आहे हेंच खरें धरलें जातें, आणि मग तिच्या बाजूनें बोलावयास भावनेखेरीज कांहीं उरत नाहीं. भावनेचा प्रभाव सभेंत पडतो. चौकशींत मात्र आंकडे लागतात.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींनीं मुलांविषयीं विचारलें, सासऱ्यांविषयीं विचारलें. स्वतः जावें कीं नाहीं, हें विचारलें नाहीं. त्यांनींही जावें. रविवारचे पोहे त्या दिवशीं घरीं राहणाऱ्या पुरुषांनीं करावे. पोहे भिजविण्यास फार विद्या लागत नाहीं.

प्रथम जाणारांसाठीं थोडें. बंद बूट घालावे, अंगभर कपडे असावे, पाणी ज्याचें त्यानें न्यावें. दगड उलटवूं नये, दाट गवतांत हात घालूं नये. साप दिसल्यास मुलांस मागें घेऊन त्यास वाट द्यावी. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडूं लागली तर तिचीं अंडीं जवळ आहेत असें समजून आल्या वाटेनें परतावें. पक्ष्यांस बोलावण्यासाठीं यंत्रावर त्यांचेच आवाज वाजविण्याची नवी खोड निघाली आहे, ती मुलांस लागूं देऊं नये. विणीच्या दिवसांत पक्षी त्यानें व्याकुळ होतात. ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रांत पक्षिसप्ताह म्हणून पाळतात, ५ ही मारुती चितमपल्ली यांची जन्मतारीख व १२ सालिम अली यांची. तोंवर मुलांस निदान वीस पक्षी नांवानिशीं ओळखतां यावे. आरंभ मात्र याच महिन्यांत करावा. सध्यां ढग भरून आले असतां बोरीबाभळींच्या शेंड्यावर काळापांढरा, तुरेवाला, मैनेएवढा पण लांब शेपटीचा पक्षी ओरडतांना दिसला, तर तो चातक. दिनदर्शिकेवर तारीख लिहावी, आणि शक्य तर वेळही.