बोटांनाही अदब हवी



आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात नेवासा तालुका आहे. या तालुक्यात सौंदाळा नावाचे एक लहानसे गाव आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील ग्रामसभेने एक वेगळाच ठराव केला. गावात कोणी आई-बहिणीवरून शिवी दिली, तर त्याला ५०० रुपये दंड! सायंकाळी ७ ते ९ या अभ्यासाच्या वेळेत मुलांनी मोबाइल वापरायचा नाही, असेही गावाने ठरवले.

तुम्ही म्हणाल, दंडाने का कोठे जीभ सुधारते? मला वाटते, खरी ताकद दंडात नाही. ती सर्वांनी एकत्र बसून ठरवण्यात आहे. शिवी ऐकून हसणारे लोक नसतील, तर शिवी देणाऱ्याचा जोर आपोआप ओसरतो.

आता मोबाइलचा विचार करा. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि धडे मोबाइलवर आले. वर्गावर्गांचे व्हॉट्सॲप गट तयार झाले. पुढे शाळा उघडल्या, पण गट राहिले. अभ्यासासाठी ते उपयोगीच आहेत. पण समजा, अशाच एका गटात कोणी एका मुलीच्या चित्राखाली वाईट शब्द लिहिले. दहा जणांनी हसण्याची चिन्हे पाठवली. दोघांनी ते चित्र दुसऱ्या गटात टाकले. बाकीचे गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेत आलीच नाही.

“आम्ही तर गंमत केली,” असे लिहिणारा म्हणतो. पण जिच्यात दोघेही हसतात, ती गंमत. एक हसतो आणि दुसरा रडतो, तो छळ होय. वर्गातील चिडवणे घंटा झाली की थांबते. मोबाइलवरचे चिडवणे घरात शिरते, रात्रीही पाठ सोडत नाही. आपण ते पुसले, तरी दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये ते राहते.

जिभेला हाड नसते, असे मराठीत म्हणतात. बोटांना हाडे आहेत, तरीही ती जिभेपेक्षा सैल सुटतात! कारण समोरच्याचे डोळे दिसत नाहीत. ‘अदब’ हा शब्द तुम्ही घरी ऐकता. तो मराठीतही आहे. थोरांपुढे आपण अदबीने बोलतो. मग मोबाइलवर बोटांनीही तीच अदब का पाळू नये? जे तोंडावर बोलण्याची लाज वाटते, ते लिहूही नये.

तुमच्यावर असा प्रसंग आला, तर घाबरू नका. दोष तुमचा नाही. शिवीला शिवीने उत्तर देऊ नका. आलेला मजकूर पुसू नका. तो पुरावा आहे. आपला पासवर्ड जिवलग मित्रालाही सांगू नका. मुख्य म्हणजे घरी किंवा शिक्षकांना सांगा. “सांगितले तर मोबाइल जाईल, शाळाही बंद होईल,” या भीतीने अनेक मुली गप्प बसतात. म्हणून आई-वडिलांनाही माझी विनंती आहे: जिला त्रास झाला, तिलाच शिक्षा करू नका.

संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. १९९६ मध्ये ही सेवा मुंबईत सुरू झाली. आज ती देशभर आहे आणि फोनला पैसे पडत नाहीत. धमकी, खोटे खाते किंवा चित्रांचा गैरवापर असेल, तर १९३० या क्रमांकावर सायबर गुन्ह्याची तक्रार करता येते. कोणाचे खासगी चित्र संमतीवाचून पसरवणे हा कायद्याने गुन्हा आहे.

पण पोलीस येण्याआधी वर्ग पुढे आला पाहिजे. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण तुम्हांला माहीत असेल. सौंदाळ्याने गावाचा ठराव केला; तुम्ही वर्गाचा करा: “कोणाचा अपमान झाला, तर आम्ही हसणार नाही, तो मजकूर पुढे पाठवणार नाही आणि ज्याचा अपमान झाला, त्याला एकटे सोडणार नाही.”

या ठरावाला दंड नको. तो पाळणारी मुले हवीत. त्यांत तुम्ही असाल ना?