महाराजांचा चेहरा कुणी ठरवायचा? फ्लेक्सवाल्यानं?

सरळ मुद्द्यावर येतो. कराडपासून मिरजेपर्यंत कुठल्याही चौकात उभे रहा आणि वर बघा. जयंती कुणाचीही असो, फ्लेक्सवर चेहरा एकच. भुवया ताणलेल्या, डोळ्यांत अंगार, दंड जिममधून आत्ताच आल्यासारखे, मागं आग नाहीतर वीज. खाली शुभेच्छुकांचे पंचवीस फोटो. आता तर एआयला दोन ओळी लिहून दिल्या की मिनिटात "चित्र" तयार. त्यात शिवाजी महाराज तसेच, संभाजी महाराज तसेच, आणि क्रांतिसिंह नाना पाटीलही तसेच! प्रतिसरकार चालवणारा, गावोगाव रांगड्या भाषेत सभा गाजवणारा आपला माणूस. त्याला दाक्षिणात्य सिनेमातला हिरो करून काय मिळवलं आपण?

नायगावच्या सावित्रीबाईंचं उलट. त्यांना गोरंपान आणि गुळगुळीत करून टाकलंय. शेणाचे गोळे झेलत शाळेत जाणारी बाई त्या चित्रात शोधून सापडत नाही.

कुणी म्हणेल, चित्रच आहे ना, एवढं काय? तर ऐका.

महाराजांच्या हयातीत किंवा त्याच्या जवळपासच्या काळात काढलेली काही चित्रं आज परदेशातल्या संग्रहांत आहेत. गोवळकोंडा शैलीतलं एक ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. बाजूनं दिसणारा चेहरा, धारदार नाक, टोकदार दाढी, नजर शांत. मनुचीनं मीर महंमदकडून करून घेतलेलं घोड्यावरचं चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. एकेकाळी तर आपल्याकडं भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून चालत होतं. वा. सी. बेंद्रे यांनी १९३०च्या दशकात कागदपत्रं धुंडाळून खरं चित्र पुढं आणलं. म्हणजे महाराजांचा चेहरा आपल्याला आयता मिळालेला नाही, तो एका संशोधकाच्या कष्टानं मिळालाय. आणि आपण तो एका क्लिकवर बदलतोय.

पुढच्या कलाकारांनीही एकमेकांची नक्कल केली नाही. धुरंधरांनी दरबार, पोशाख, गर्दी यांच्या बारकाव्यांतून महाराज उभे केले. करमरकरांनी पुण्यात १९२८ साली घोड्याच्या चालीतून वेग दाखवला. कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी मुद्रेवर भर दिला आणि राज्य सरकारनं ते चित्र अधिकृत मानलं. राजा तोच, पण एकाला त्याच्यात वैभव दिसलं, दुसऱ्याला गती, तिसऱ्याला धीरगंभीरपणा. शैली म्हणजे दुसरं काय असतं? कलाकारानं त्या माणसातलं काय पाहिलं, त्याचं उत्तर.

हे शिकायला पॅरिसला जायची गरज नाही. खटाव तालुक्यातल्या औंधला जा. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभं केलं. पंत स्वतः चित्रकार, चित्ररामायण काढलेले. पण आपल्यासारखंच काढणाऱ्यांची चित्रं त्यांनी जमवली नाहीत. तिथं पहाडी लघुचित्रं आहेत, रविवर्म्याचं तैलचित्र आहे, बंगाल शैली आहे आणि हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पही आहे. रविवर्म्याच्या बाईच्या साडीची जर मोजता येते. मूरच्या आईला धड नाक-डोळे नाहीत, तरी ती आई आहे हे पोरालाही कळतं. एका दुष्काळी भागातल्या छोट्या संस्थानाच्या राजाला जे ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी समजलं, ते आज आपल्या नगरपालिकांना समजू नये?

शब्दांतही तेच. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी 'माणदेशी माणसं' लिहिली, आवाज न चढवता. वाटेगावच्या अण्णाभाऊंनी 'फकिरा' लिहिला, पेटून. माती शेजारशेजारची, दोन्ही माणसं आपली. अण्णाभाऊंनी माडगूळकरांसारखं लिहावं असं कुणी म्हणालं का?

यावर ठरलेलं उत्तर येतं : "हा श्रद्धेचा विषय आहे, लोकांना असंच आवडतं." अहो, श्रद्धा गणपतीवर नाही का? तो बसलेला चालतो, नाचणारा चालतो, बाळरूप चालतो, शेतकऱ्याच्या वेशातलाही चालतो. कुणाची श्रद्धा कमी झाली? देवाला जी मोकळीक देतो ती माणसाला का नाही? आणि लोकांना हेच आवडतं म्हणता, तर दुसरं काही दाखवलंय कधी त्यांना?

चित्र निरुपद्रवी नसतं हे आपल्या भागाइतकं कुणाला ठाऊक असणार? २००९च्या गणेशोत्सवात मिरजेत अफजलखान वधाच्या कमानीवरून दंगल पेटली, संचारबंदी लागली. प्रतापगडचा प्रसंग इतिहासात आहेच, तो कुणी पुसू नये. पण महाराजांच्या सगळ्या आयुष्यातून फक्त तोच एक क्षण, तोही फक्त रागाचा, चौकाचौकात लावायचा हे कोण ठरवतं? रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावू नका म्हणणारा राजा फ्लेक्सवर का दिसत नाही? कारण त्याला काढायला कलाकार लागतो. राग काढायला फिल्टर पुरतो.

पुतळ्यांचंही असंच. मालवणच्या राजकोटचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला. मान्यता सहा फुटी नमुन्याला आणि उभा केला पस्तीस फुटी, हे कला संचालनालयानंच नंतर सांगितलं. उंची आणि मुहूर्त आधी ठरतो, शिल्पकार सगळ्यात शेवटी. असं केल्यावर दुसरं काय होणार?

म्हणून सातारा-सांगलीतल्या नगरपालिका, महापालिका आणि मंडळांकडं तीन साध्या मागण्या.

एक, पुतळा किंवा भित्तिचित्र कमी दराच्या निविदेवर देऊ नका. खुली स्पर्धा घ्या, मातीचे नमुने आठवडाभर लोकांना बघायला ठेवा. निवड समितीत कलाकार आणि इतिहासाचा अभ्यासक हवाच.

दोन, चौथऱ्यावर उद्घाटकाच्या नावाएवढ्याच अक्षरात शिल्पकाराचं नाव कोरा.

तीन, दर वर्षी एका तरी सहलीची एसटी औंधला वळवा. पोरांना सांगा, इथं सगळ्यांनी वेगवेगळं काढलंय आणि कुणीच चुकलेलं नाही.

आणि मंडळातल्या पोरांनो, यंदा फ्लेक्सच्या पैशातून गावातल्याच एखाद्या चित्रकलेच्या मास्तरांना नाहीतर इंटरमिजिएट दिलेल्या पोरीला भिंत आणि रंग देऊन बघा. कदाचित नाक थोडं चुकेल. पण ते महाराज कुणीतरी विचार करून काढलेले असतील, मशीननं ओकलेले नसतील.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण मुद्द्यावर भांडा.